मोटारगाडी : चावी व एंजिनाचा प्रारंभ

मोटारगाडीचे स्थिर एंजिन बाहेरील शक्तीने फिरवून ते स्वतःच्या शक्तीवर चालू लागेल अशा अवस्थेला आणणे, या क्रियेला प्रारंभन म्हणतात. वाफ एंजिनात बाष्पित्रातील वाफेचा दाब आधीच साठलेला असतो. झडप उघडताच दट्ट्या हलू लागतो. अंतर्ज्वलन-एंजिनाची गोष्ट वेगळी आहे. इंधन व हवा यांचे मिश्रण सिलिंडरात ओढून घेणे व ते दाबणे या दोन क्रिया पूर्ण झाल्याशिवाय त्यात शक्ती निर्माणच होत नाही आणि या क्रियांसाठी एंजिन आधी फिरत असावे लागते. पेट्रोल एंजिनाला साधारणतः मिनिटाला सु. १०० फेरे या गतीने फिरविल्यावर ते पेट घेते. ही पहिली गती कोणी द्यावयाची, या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून प्रारंभन यंत्रणेचा इतिहास घडला आहे. चावी फिरविली की गाडी सुरू होते, असा सर्वसाधारण समज असला, तरी चावी एंजिनाला गती देत नाही. ती केवळ परवानगी देते. चावी कुलपात नीट फिरत असूनही गाडी सुरू होत नाही, त्याचे मूळ या फरकात आहे.

हाताने प्रारंभन : जर्मन अभियंते कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी एकस्वाचा अर्ज केला. या गाडीचे एंजिन सुरू करण्यासाठी मागील बाजूस असलेले मोठे आडवे प्रचक्र हाताने फिरवावे लागे. तिला चावी नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझ यांच्या पत्नी बेर्टा यांनी आपल्या दोन मुलांसह मॅनहाइम ते फोर्ट्‌सहाइम हा सु. १०० किमी.चा प्रवास या प्रकारच्या गाडीतून केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केल्याचे सांगतात. त्या काळच्या गाडीतील बिघाड बहुधा असेच डोळ्यांना दिसणारे व हाताने दुरुस्त होणारे असत.

पुढे एंजिनाच्या समोरील बाजूस भुजादंडाला जोडता येणारे वाकडे हँडल आले. हँडल मारण्याचे काम कष्टाचे होते व धोक्याचेही होते. ठिणगी वेळेआधी पडली, तर पेटलेले मिश्रण दट्ट्याला वर पोहोचण्यापूर्वीच मागे लोटी आणि हँडल उलट दिशेने जोराचा तडाखा देई. त्यामुळे चालकाला हँडल मारण्यापूर्वी ठिणगी पडण्याची वेळ लांबवावी लागे. याचा विसर पडल्यास मनगट मोडे. मनगटाजवळील बहिःप्रकोष्ठास्थीच्या एका विशिष्ट प्रकारच्या भंगाला वैद्यकात आजही ‘शोफरचा अस्थिभंग’ म्हणतात, ते या हँडलामुळेच.

हँडलाच्या काळातील अनेक गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटो वापरीत. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च विद्युत् दाबाचा मॅग्नेटो तयार केला. एंजिनाच्या फिरण्यातूनच त्यात वीज निर्माण होई. अशा गाडीला प्रारंभासाठी विद्युत् घटमालेची गरज नसे. गती देणारा हात, ठिणगीची वेळ ठरविणारा हात आणि गाडी चालविण्याचा अधिकार असलेला हात हे तिन्ही बहुधा एकाच माणसाचे असत.

विद्युत् आरंभक : विजेच्या साह्याने एंजिन फिरविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले होते. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना अशा योजनेचे एकस्व १९०३ मध्ये मिळाले. तथापि व्यवहारात टिकेल अशी यंत्रणा निर्माण करण्याचे श्रेय चार्ल्स फ्रँक्लिन केटरिंग (१८७६–१९५८) यांच्याकडे जाते. मोटारगाडी निर्माते बायरन कार्टर यांचा १९०८ मध्ये मृत्यू झाला. हँडलाच्या तडाख्याने झालेली इजा त्याला कारणीभूत ठरली व त्यामुळे व्यथित होऊन कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी केटरिंग यांना हे काम सांगितले, अशी कथा प्रचलित आहे. तिच्या तपशिलाविषयी मतभेद आहेत.

एंजिन फिरविण्याइतके विद्युत् चलित्र गाडीत मावणार नाही, असे त्या वेळी मानले जाई. केटरिंग यांनी पूर्वी रोकड-नोंद यंत्रासाठी विद्युत् चलित्र बनविले होते. अशा चलित्रावर क्षणभरच भार येत असल्यामुळे ते लहान असले तरी चालते, हा अनुभव त्यांनी येथे उपयोगात आणला. सतत चालविल्यास जे चलित्र जळून जाईल, ते काही सेकंदांपुरते मोठा भार सहन करू शकते. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत विद्युत् आरंभक, जनित्र, दिवे व प्रज्वलन यांची एकत्रित यंत्रणा बसविण्यात आली. व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या निरूढीवर चालणाऱ्या जोडणीमुळे आरंभकाचे लहान दंतचक्र प्रचक्राच्या दात्यांत आपोआप गुंतू व एंजिन सुरू होताच सुटू लागले.

या सुधारणेने मनगटे वाचली आणि ज्यांना हँडल मारणे शक्य नव्हते, अशा असंख्य स्त्रीपुरुषांना पेट्रोलची गाडी एकट्याने चालविता येऊ लागली. त्याबरोबर एक नवे परावलंबनही आले. एंजिनाला पहिली गती देणे व ठिणगी पुरविणे ही दोन्ही कामे आता एकाच घटमालेवर अवलंबून राहिली. तरीही पुढील कित्येक दशके बऱ्याच गाड्यांबरोबर हँडल दिले जात असे. घटमाला अशक्त झाली, तरी ठिणगीपुरती वीज शिल्लक असल्यास चालकाला जुना मार्ग मोकळा होता.

चावीचे स्थान : प्रारंभीच्या विद्युत् गाड्यांत चावीचे काम मर्यादित होते. ती प्रज्वलनाचे मंडल जोडीत वा तोडीत असे. आरंभकासाठी पायाने दाबावयाची कळ वा फलकावरील वेगळे बटन असे. चालकाला दोन क्रिया स्वतंत्रपणे कराव्या लागत, त्यामुळे त्यांतील कोणती फसली हेही त्याला कळे. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये प्रज्वलन व आरंभक या दोहोंसाठी चावीने चालणारी एकच कळ आणली आणि ही पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली. चावी म्हणजेच प्रारंभ, हा समज तेव्हापासून दृढ झाला.

आरंभकाला लहान गाडीतही १०० अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह लागू शकतो. एवढा प्रवाह चावीच्या कळीतून नेता येत नाही. म्हणून चावीने केवळ अल्प प्रवाह सोडला जातो. हा प्रवाह परिनालिकेला म्हणजे सोलेनॉइडला मिळतो. तिच्यातील लोखंडी गाभा ओढला जाऊन दंतचक्र पुढे सरकते व घटमाला आणि आरंभक यांमधील जाड संपर्क जुळतात. थोडक्यात, चावी, कळ, रिले, परिनालिका, घटमाला, आरंभक, इंधन व ठिणगी अशी ही साखळी असून तिच्यातील एक दुवा निखळला, तरी इतर सर्व दुवे निरुपयोगी ठरतात.

बिघाडाची लक्षणे : साखळीतील कोणता दुवा तुटला, हे गाडीच्या वर्तनावरून बरेचसे ओळखता येते. चावी फिरविल्यावर दिवेही लागले नाहीत, तर घटमाला पूर्ण उतरलेली असते किंवा तिच्या अग्रांवर क्षार साचून संपर्क तुटलेला असतो. दिवे लागतात, पण ‘टक्‌टक्’ असा जलद आवाज येतो, तेव्हा घटमाला अशक्त असण्याचा संभव अधिक. परिनालिका ओढली जाते, आरंभक मोठा प्रवाह मागतो, विद्युत् दाब कोसळतो, परिनालिका सुटते, दाब पुन्हा वर येतो आणि हेच चक्र चालू राहते. दिवे लागतात म्हणून घटमाला चांगली आहे, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. दिव्यांना काही अँपिअर पुरतात. चांगली भरलेली शिसे-अम्ल घटमाला भाररहित अवस्थेत सु. १२·६ व्होल्ट दाब दाखविते. कडक थंडीत तिची क्षमता घटते आणि त्याच वेळी तेल दाट झाल्याने एंजिन फिरविणे जड जाते.

दिवे प्रखर असूनही पूर्ण शांतता असेल, तर कळीचे संपर्क, रिले किंवा आरंभक यांकडे पाहावे लागते. स्वयंचलित दंतचक्रपेटीच्या गाडीत दांडा उभ्या वा तटस्थ स्थितीत नसल्यास सुरक्षेसाठी आरंभकाचे मंडल तुटलेलेच राहते. एंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा चावी, घटमाला व आरंभक यांनी आपले काम केलेले असते. दोष इंधनाचा पंप, ठिणगी किंवा भुजादंडाची स्थिती कळविणारा संवेदक यांत शोधावा लागतो. हाताने दंतचक्रे बदलण्याची गाडी ढकलून सुरू करता येते, कारण तेथे चाके आरंभकाचे काम करतात. परंतु इंधन व ठिणगी यांना लागणारी वीज तेव्हाही हवीच असते.

चोरीला प्रतिबंध : धातूच्या चावीने जुळणारे कळीचे संपर्क दोन तारा जोडूनही जुळविता येतात, हे चोरांनी लवकरच ओळखले. प्रथम सुकाणूचा दंड अडकविणारी कुलपे आली. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ती १९६९ सालच्या मॉडेलांपासून सर्रास बसविण्यात आली. पुढची पायरी १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीत दिसते. तिच्या चावीच्या पात्यात एक रोधक बसविलेला असे. रोधाची पंधरा मूल्ये ठरविलेली होती. कुलपातील संपर्कांना अपेक्षित मूल्य न मिळाल्यास आरंभक व इंधनपुरवठा काही मिनिटे रोखला जाई. संपर्क झिजले वा मळले, तर खऱ्या मालकाचीही खरी चावी नाकारली जाई. यंत्राने मालकालाच परका ठरविण्याचा हा प्रकार नवा होता.

१९९० नंतरच्या दशकात इमोबिलायझर ही चलनरोधक यंत्रणा प्रसृत झाली. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत लहान संकलित मंडल असते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्याचे क्षेत्र, बहुधा १२५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे, त्याला प्रवर्तनाने ऊर्जा पुरविते व ते आपला संकेत परत पाठविते. संकेत ओळखला गेला, तरच एंजिनाचा नियंत्रक इंधन व ठिणगी सोडतो. न ओळखल्यास काही गाड्यांत आरंभक फिरतच नाही. काहींत एंजिन सुरू होऊन एकदोन सेकंदांत बंद पडते. हुबेहूब घासलेली धातूची नक्कल कुलपात फिरते, दार उघडते, पण गाडी सुरू करीत नाही, ती यामुळे. दूरनियंत्रकाने दार उघडले, एवढ्यावरून संकेतही मान्य झाला असे ठरत नाही. बऱ्याच चाव्यांत ही दोन मंडले वेगळी असतात.

यूरोपीय संघाने १९९८ पासून, ऑस्ट्रेलियाने २००१ पासून व कॅनडाने २००७ पासून नव्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची केली. तिच्यामुळे नेदरलँड्समध्ये मोटारचोऱ्या सु. ४० टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष तेथील एका अभ्यासात निघाला. अमेरिकेत अशी सक्ती झाली नाही. तेथे २०११ ते २०२१ या काळातील ह्युंदाई व किआ कंपन्यांच्या अनेक गाड्यांत ही यंत्रणा नव्हती. कुलपाचा भाग काढून तेथे यूएसबी तारेचे टोक घालून त्या सुरू करता येतात, हे समाजमाध्यमांतून पसरताच २०२१ नंतर त्यांच्या चोऱ्या बेसुमार वाढल्या. चावीवाचून सुरू होणारी गाडी आणि चावी असून सुरू न होणारी गाडी ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे आहेत : धातूच्या आकाराला आता फारसे महत्त्व उरलेले नाही.

चावीच्या कळीचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांतील कळ सैल असल्याने चालत्या गाडीत चावी आपोआप फिरून एंजिन बंद पडे व अपघातसमयी फुगणाऱ्या संरक्षक पिशव्याही निकामी होत. २०१४ मध्ये अशा सु. २६ लक्ष गाड्या परत मागविण्यात आल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

विद्युत् मोटारगाडीला आरंभक चलित्र लागत नाही व अनेक गाड्यांत चावीचे पातेही उरलेले नाही. तरीसुद्धा मुख्य उच्चदाब घटमाला गाडीला जोडणारे संपर्क बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या लहान साहाय्यक घटमालेवर चालतात. ती उतरली, की शेकडो किलोमीटर जाण्याइतकी ऊर्जा साठविलेली असूनही गाडी जागची हलत नाही.