डार्क मॅटरवर चालणारं यान प्रकाशापेक्षा वेगाने जाईल का?

‘डार्क मॅटर इंजिन’ असं सर्च केलं की भन्नाट व्हिडिओ सापडतात. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: नाही. पण ‘नाही’ का, हे समजून घेण्यातच खरी मजा आहे.

डार्क मॅटर म्हणजे काय?

सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किमी वेगाने फिरतो, तर लांबचा नेपच्यून फक्त ५.४ किमीने. अंतर वाढलं की सूर्याची पकड सैल होते. दीर्घिकांमध्येही असंच दिसायला हवं होतं. पण १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना कडेचे तारेही जवळपास आतल्या ताऱ्यांइतकेच वेगात फिरताना दिसले. त्याआधी १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनाही कोमा दीर्घिकासमूहात असाच हिशोब चुकलेला आढळला होता. म्हणजे न दिसणारं काहीतरी गुरुत्वाकर्षणाने या सगळ्यांना धरून ठेवतंय. तेच डार्क मॅटर. विश्वातल्या एकूण ऊर्जा-द्रव्याचा सुमारे २७ टक्के भाग त्याचा, आणि आपण ज्याचे बनलोय ते साधं द्रव्य जेमतेम ५ टक्के.

वेगाची अडचण

सर्वात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. व्हॉयेजर १ च्या वेगाने (सेकंदाला १७ किमी) तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. आणि वस्तुमान असलेली वस्तू प्रकाशवेगाला न्यायची तर अमर्याद ऊर्जा लागते, असं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद सांगतो.

मग वॉर्प ड्राइव्ह?

१९९४ मध्ये मेक्सिकोचे मिगेल अल्क्युबिएरे यांनी एक पळवाट मांडली. यान पळवायचंच नाही. यानापुढचं अवकाश आकुंचित करायचं आणि मागचं प्रसरण पाववायचं. सरकत्या पट्ट्यावर नुसतं उभं राहून पुढे जावं, तसं. आइन्स्टाइनच्या समीकरणांत हे बसतं, पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, म्हणजे शून्यापेक्षाही कमी.

इथेच गल्लत होते. डार्क मॅटर ‘गूढ’ आहे आणि ऋण ऊर्जाही ‘गूढ’ आहे, म्हणून दोन्ही एकच असं नाही. डार्क मॅटर गुरुत्वाकर्षणाने खेचतं, म्हणजे त्याचं वस्तुमान धन आहे. वॉर्पला हवं त्याच्या बरोब्बर उलट! कॅसिमिर परिणामात दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ऊर्जा रिकाम्या अवकाशापेक्षा किंचित कमी होते खरी, पण ती अगदीच नगण्य.

निदान इंधन म्हणून?

डार्क मॅटरचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून ऊर्जा मिळू शकेल, अशी कल्पना मांडली गेली आहे. पण आपल्या परिसरात ते फारच विरळ आहे: पृथ्वीएवढ्या आकारमानात अंदाजे अर्धा ते पाऊण किलो. शिवाय साध्या द्रव्याला ते जवळपास दाद देत नाही, मग टाकीत भरणार कसं? आणि हे सगळं जमलं तरी यान प्रकाशापेक्षा हळूच जाणार.

सध्या अमेरिकेत साउथ डकोटामध्ये जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, लक्स-झेपलिन प्रयोगात, द्रवरूप झेनॉनच्या टाकीत या कणांचा शोध सुरू आहे. अजून एकही कण खात्रीने सापडलेला नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ‘डार्क मॅटर इंजिन’ दिसलं की एकच प्रश्न विचारा: यात ऋण ऊर्जा कुठून आली?