संत चार्ल्स यांची काठी

2020 साली साथीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा अनेक भाविकांनी आम्हांस विचारले, "फादर, देवावर भरवसा असेल तर देवाच्या घराला कुलूप कशासाठी?" प्रश्न श्रद्धेपोटी आलेला होता, म्हणून तो उडवून लावण्याजोगा नव्हता. ख्रिस्तसभेच्या इतिहासात तो नवाही नाही. 4 नोव्हेंबर रोजी ज्यांचा सण आपण पाळतो, त्या संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांच्या मिलान नगरीत तो दोन वेळा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा माणसांच्या प्राणांशी त्याची गाठ पडली.

1576 च्या ऑगस्टमध्ये मिलानमध्ये प्लेग शिरल्याची वार्ता आली, तेव्हा आर्चबिशप चार्ल्स जवळच्या लोदी गावी होते. ते तातडीने परतले. स्पेनच्या राजाचा गव्हर्नर व बरेचसे उमराव मात्र नगर सोडून गेले. चार्ल्स तेव्हा अवघे 37 वर्षांचे होते. त्यांनी प्रथम मृत्युपत्र केले व मिलानच्या मोठ्या इस्पितळास आपला वारस नेमले. मग ते रुग्णांकडे वळले. नगराच्या वेशीबाहेर 'लाझारेत्तो' नावाचे पावणेतीनशेहून अधिक खोल्यांचे जुने रोगनिवास होते. ते भरून वाहू लागले, तेव्हा वेशीबाहेर झोपड्या बांधाव्या लागल्या. लाझारेत्तोची व्यवस्था कॅपुचिन संघाचे पाओलो बेल्लिनतानी ह्यांनी कठोर शिस्तीने पाहिली. थंडी आली, अंगावर वस्त्र नाही अशी दैना झाली, तेव्हा चार्ल्सनी आपल्या प्रासादातील पडदे आणि भिंतींवरची भारी वस्त्रे काढून गरिबांसाठी कपडे शिववून घेतले.

हे सर्व आपल्या संतचरित्रांत वाचावयास मिळते. चरित्रकार ज्यावरून घाईने पुढे जातात, तेथे आम्हांस अंमळ थांबावेसे वाटते. रुग्णांमध्ये वावरताना हा धर्माधिपती हाती एक लांब काठी बाळगी. लोकांनी फार जवळ येऊ नये, निरोगी माणसाला आपला संसर्ग होऊ नये, हा तिचा हेतू. सिरक्यात भिजवलेला स्पंज त्यांच्यापाशी असे. भेटीहून परतल्यावर ते वस्त्रे बदलीत व ती उकळून काढवीत. आपल्या धर्मगुरूंनाही त्यांनी बजावले, की वैद्य, औषध व खबरदारी ही मानवी साधने टाळू नका. त्यांचा आपल्या कर्तव्याशी मुळीच विरोध नाही.

काठी हाती धरणारा माणूस भित्रा म्हणावा काय? भित्रा असता तर तो लोदीहून परतलाच नसता. मरणाच्या दारात जाणे हे त्यांचे कर्तव्य होते. ते मरण दुसऱ्याच्या घरी नेऊन पोहोचविणे हे कर्तव्य नव्हते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभू येशूने नकार दिला, त्या प्रसंगाचा अर्थ चार्ल्सनी असा आचरणात आणला, असे आम्ही समजतो. प्लेग पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी कराचीत दाखवून दिले ते 1898 साली. चार्ल्सना त्याचा गंधही नव्हता. तरीही वस्त्रे उकळण्याची त्यांची रीत नेमक्या ठिकाणी लागू पडणारी होती.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रायश्चित्ताच्या तीन मिरवणुका काढल्या. अनवाणी पाय, गळ्यात दोरखंड, हाती पवित्र खिळा जडविलेला क्रूस. नगराच्या अधिकाऱ्यांनी गर्दीतून रोग वाढेल म्हणून हरकत घेतली होती; चार्ल्सनी पोप ग्रेगरी ह्यांनी रोममध्ये प्लेगच्या काळात काढविलेल्या मिरवणुकीचा दाखला देऊन त्यांचे मन वळविले. येथे आमचे मत अधिकाऱ्यांच्या बाजूने झुकते. संतांचा आदर राखूनही ते सांगावयास हवे.

परंतु ऑक्टोबरअखेर नगरवासीयांना घरातच राहण्याचा हुकूम सुटला, तेव्हा चार्ल्सनी दाराशी वाद घातला नाही; त्यांनी चर्चच रस्त्यावर आणले. चौकाचौकांत वेदी उभारल्या, तेथे मिस्सा होऊ लागली आणि माणसे आपापल्या खिडकीतून तिच्यात सहभागी होऊ लागली. धर्मगुरू उंबरठ्याबाहेर उभे राहून पापनिवेदन ऐकत. दिवसरात्रीत सात वेळा घंटा वाजे, आणि या खिडकीतून त्या खिडकीत प्रार्थनेचे सूर जात. साथ संपल्याचे जाहीर झाले ते 1578 च्या जानेवारीत. तोवर सुमारे 17,000 माणसे गेली होती. त्या वेदींच्या जागी पुढे क्रूसस्तंभ उभे राहिले. 1896 नंतरच्या प्लेगात वांद्र्यात व मुंबईच्या अन्य जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत आपल्या पूर्वजांनी क्रूस उभारले, ते ह्याच कुळातले. त्याच मुंबईत 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन ह्यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती.

चार्ल्स 1584 साली निवर्तले, 1610 साली संत म्हणून घोषित झाले. चित्रकारांनी त्यांना रंगविले ते क्रूस व दोरखंडासह, अनवाणी. काठी चित्रातून गळाली. मिलाननेही मिरवणूक तेवढी लक्षात ठेवली.

1629 साली जर्मन सैनिकांच्या पावलांनी प्लेग पुन्हा आला. आर्चबिशपच्या आसनावर तेव्हा चार्ल्स ह्यांचेच चुलतभाऊ कार्डिनल फेदेरिको होते. संतांचा देह नगरातून मिरवावा, अशी मागणी नगरप्रमुखांनी केली. फेदेरिकोंनी प्रथम नकार दिला. गर्दीने संसर्ग वाढेल, ही भीती त्यांनी बोलून दाखविली. पण आग्रह वाढत गेला आणि अखेर त्यांनी संमती दिली. 11 जून 1630 रोजी अवघे नगर रस्त्यावर लोटले. त्यानंतर मृतांची संख्या एकाएकी वाढली, ती मान्झोनी ह्यांनी आपल्या 'इ प्रोमेस्सी स्पोसी' ह्या कादंबरीत वर्णिली आहे. त्या साथीत मिलानची सुमारे निम्मी वस्ती नाहीशी झाली.

आणि दोष कोणाला दिला? गर्दीला नव्हे. कोणीतरी भिंतींना विषारी लेप लावून रोग पसरवितो, ही अफवा आधीच होती. ती आता खरी मानली गेली. आरोग्यखात्याचा एक कर्मचारी पियात्सा व मोरा नावाचा न्हावी ह्यांचा छळ करून त्यांच्याकडून कबुली वदवून घेण्यात आली आणि 1 ऑगस्ट 1630 रोजी त्यांना ठार करण्यात आले. मोराचे घर पाडून त्या जागी एक 'कलंकस्तंभ' उभारला गेला. तो तेथे 1778 पर्यंत होता.