वय वर्षे चाळीस आणि ८०७ : जनगणनेच्या तक्त्यावरची पहिली नजर

१७ फेब्रुवारी १८८१. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथमच सर्वत्र एकाच वेळी शिरगणती झाली. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचीही ही पहिलीच खानेसुमारी. आज बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात असलेले युसूफ वडगाव तेव्हा याच संस्थानात होते.

त्या काळी गावोगाव जन्मतारीख ठेवण्याची रीत नव्हती. अमक्या दुष्काळात, तमक्या साथीत जन्म झाला, एवढेच स्मरणात असे. मग प्रगणकाच्या कागदावर अंदाज उतरे: चाळीस, पन्नास, साठ. परिणामी जुन्या वयतक्त्यांत ४० चा आकडा डोंगरासारखा उभा, तर शेजारचे ३९ आणि ४१ खोल दरीत. ही विकृती ओळखण्यास गणित लागत नाही, नजर पुरते. मोजायचीच असेल तर व्हिपल निर्देशांक आहे: २३ ते ६२ या वयांपैकी ० व ५ ने संपणाऱ्या वयांचा वाटा. मूल्य १०० आले तर झुकाव नाही. ५०० आले तर सारीच वये ठोकळ.

आजचा विश्लेषक संगणकात माहिती उतरवताच हेच करतो. ओळी मोजतो, रिकामे रकाने शोधतो, सर्वांत लहान व सर्वांत मोठी किंमत पाहतो.

मात्र विचित्र दिसणारा प्रत्येक आकडा चुकीचा नसतो, आणि खरी कसोटी येथेच लागते.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. २००१ मध्ये ८९४. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण ९५० च्या आसपास असते. मुली मोजायच्या राहिल्या असतील, ही शंका रास्तच. परंतु त्याच पद्धतीने मोजलेल्या महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता. केवळ मोजणीतील ढिलाई एकाच जिल्ह्याला इतके खाली कशी नेईल?

गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला होता, हे येथे विसरता येत नाही.

२०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीत अवैध गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला. त्या खटल्यात २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.