अफूच्या पेटीवरचा करार

हाँगकाँग आणि चीन यांच्यात १८८६ साली जकातीचा एक करार झाला. आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपल्या माळव्याच्या मातीतला आहे.

१८४२ साली हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. तिथलं बंदर खुलं, जकात नाही. १८५८ पासून चीनमध्ये अफू कायदेशीर झाली, पेटीमागे ३० टेल (चांदीचं चिनी वजन) असा कर ठरला. पण छोट्या होड्यांतून अफू चोरून किनाऱ्याला लागायची. मग चीननं बेटाभोवती चौक्या आणि गस्तीच्या बोटी ठेवल्या. ‘आमची नाकेबंदी केली’ म्हणून हाँगकाँगचे व्यापारी ओरडू लागले. वीसेक वर्षं हेच चाललं.

शेवटी बोलणी झाली. चीनच्या बाजूनं शाओ योउलिएन हे अधिकारी आणि चिनी जकातखात्याचा प्रमुख रॉबर्ट हार्ट. हा हार्ट मूळचा आयर्लंडचा! हाँगकाँगकडून न्यायाधीश जेम्स रसेल. हाँगकाँगला धास्ती एकच, आपण नियम पाळले तर धंदा शेजारच्या मकावला जाईल. म्हणून अट घातली की मकावनंही हेच मान्य करावं. पोर्तुगालनं त्याची किंमत वसूल केली. १८८७ च्या तहात मकाववर कायमचा कारभार पदरात पाडून घेतला.

ठरलं ते असं: एका पेटीहून कमी अफूची ने-आण बंद. कौलूनच्या बाजूला चिनी जकातीची कचेरी. पेटीमागे ११० टेल, म्हणजे ३० जकात आणि ८० आतला कर, भरले की माल मोकळा.

सगळ्यांचं समाधान झालं. ओढणाऱ्याचा आणि त्याच्या बायकोमुलांचा विचार करायला मात्र तिथे कुणी नव्हतं.

पण हार्ट-रसेलना नावं ठेवून आपण सुटत नाही. माळव्याची अफू इंदूर-उज्जैनहून मुंबईला आणि तिथून चीनला जायची. इंग्रज दर पेटीवर पैसे घेत. शेतकऱ्याला उचल देणारे सावकार, हुंड्या लिहिणारे शेठ यांत आपले जैनही होते. पालीताण्याची टूक बांधणारे मुंबईचे मोतीशा शेठ या कराराच्या कितीतरी आधीचे, पण त्यांच्याही चीनच्या व्यापारात अफू होती.

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य स्पष्ट सांगितलंय. पेटीला हात न लावता नुसतं व्याज घेतलं, तर ते त्यात येत नाही का? मला वाटतं, येतं. मंदिरातल्या शिलालेखावर दानाचा आकडा असतो, तो पैसा कुठून आला ते नसतं. पर्युषणात मुलांना मोतीशांचं औदार्य जरूर सांगावं. सोबत ही पेटीही सांगावी. मुलं प्रश्न विचारतील, विचारू देत.