टेपवरच्या दोन आकड्यांची कुळकथा

रात्री अकराला लावलेला बॅकअप सकाळी पाहिला, तर अर्ध्यावर थांबलेला. ड्राइव्ह दुसरी टेप मागत होता. एलटीओ-४ टेपच्या वेष्टनावर ठळक १.६ टीबी छापलेलं, आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं, ७४५ जीबी लिहून झाले, जागा संपली. टेप खराब निघाली असं धरून दुसरी लावली, मग तिसरी. तिन्ही जवळपास त्याच ठिकाणी थांबल्या, तेव्हा लक्षात आलं की खराब टेपा अशा एकाच जागी थांबत नसतात. चूक आमच्या हिशेबात होती. वेष्टनावर त्या ठळक आकड्याआधी आणखी एक आकडा होता: ८०० जीबी. टेपवाले हजाराच्या पटीत मोजतात, आमचं सॉफ्टवेअर १०२४ च्या. त्याचे ७४५ म्हणजेच हे ८००. टेपनं आपलं माप पुरेपूर भरलं होतं. मग शेजारी १.६ टीबी आलं कुठून? त्याचं कूळ बरंच जुनं आहे.

चुंबकी टेपचा जन्म आवाजासाठी झाला. १९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदाच्या पट्टीवर लोहभुकटीचा थर देऊन तिचं पेटंट घेतलं. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी चढवण्याच्या कामातून त्यांना ही वाट सापडली होती. १९५१ मध्ये युनिव्हॅक संगणकानं नोंदी ठेवायला धातूची टेप वापरली. १९५२ मध्ये आयबीएमचं ७२६ हे यंत्र प्लास्टिकची टेप घेऊन आलं. एका इंचात १०० अक्षरं, वेग सेकंदाला ७५ इंच.

जागेचं दुखणं तिथंच सुरू झालं. संगणक एक नोंद लिहायचा, थांबायचा, हिशेब करून पुढची लिहायचा. टेपला त्याच्याबरोबर थांबावं आणि पुन्हा पळावं लागे. थांबताना आणि वेग घेताना लिहिता येत नसे, म्हणून दोन नोंदींमध्ये सुमारे पाऊण इंच टेप कोरी सोडायची. पंचकार्डावरची ८० अक्षरांची नोंद ०.८ इंचात मावे आणि तिच्यामागे पाऊण इंच कोरा. जवळजवळ निम्मी टेप न लिहिताच संपे.

पुढे टेप सुधारली तसं हे दुखणं वाढलं. साठच्या दशकात इंचात १६०० अक्षरं बसू लागली, कोरा पट्टा मात्र ०.६ इंचापर्यंतच उतरला. २,४०० फुटांचं रीळ घ्या, म्हणजे २८,८०० इंच. कोरी जागा सोडलीच नाही, तर ४६ एमबी मावतील. पण ८० अक्षरांची एकेक नोंद सुटी लिहिली, तर नोंदीला ०.०५ इंच आणि कोऱ्याला ०.६ इंच. अख्ख्या रिळावर जेमतेम साडेतीन एमबी! त्याच नोंदी शंभरांचा एकेक गठ्ठा बांधून लिहिल्या, की पाच इंच मजकुरामागे ०.६ इंच कोरे, आणि त्याच रिळावर ४१ एमबी. रीळ तेच, यंत्र तेच, माल तोच. फरक गठ्ठा बांधण्याचा. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. आजच्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लॉक साइज' नावाची जी खिडकी असते, ती या कोऱ्या पट्ट्याची वारसदार आहे.

कोरी जागा आवरल्यावर नजर मालाकडे वळली. १९७७ आणि १९७८ मध्ये इस्रायलचे जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी मजकूर आवळण्याच्या पद्धती मांडल्या. आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, की तो न लिहिता 'इतकं मागे जा, इतकी अक्षरं घे' एवढीच खूण ठेवायची. जमाखर्चाच्या फाइलींत तेच शब्द, तीच शून्यं आणि त्याच मोकळ्या जागा पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे त्या छान आवळतात. १९८४ च्या आयबीएम ३४८० टेपवर २०० एमबी मावत. दोन वर्षांनी तिच्या यंत्रणेत आवळण्याची सोय आली. ती मात्र झिव्ह-लेम्पेलहून वेगळ्या गणिती रीतीची. आता एकाच टेपला दोन मापं मिळाली.

२००० साली एलटीओ आली ती दोन्ही मापं छापूनच: १०० जीबी, आणि दुप्पट धरून २००. तिच्या ड्राइव्हमध्ये झिव्ह-लेम्पेल घराण्याची रीत बसवलेली आहे. २०१२ च्या एलटीओ-६ पासून आवळणारं यंत्र सुधारलं आणि दुपटीची अडीचपट झाली: २.५ टीबी आणि ६.२५ टीबी. पहिला आकडा टेपचा आहे. दुसरा तुमच्या मालाबद्दल धरलेला अंदाज आहे, आणि तुमचा माल कारखान्यात कोणी पाहिलेला नसतो.

आमचा माल होता स्कॅन केलेली पानं आणि व्याख्यानांचे व्हिडिओ. जेपेग आणि एमपी४ आधीच आवळलेले असतात. पिळून काढलेलं धुणं पुन्हा पिळलं तरी त्यातून पाणी निघत नाही. सॉफ्टवेअरनं आधीच कुलूपबंद केलेल्या, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या मालाचंही तेच. त्यात पुनरावृत्ती उरतच नाही.

पहिल्या आकड्यापेक्षाही बरंच कमी मावलं, तर मात्र संशय यंत्रावर घ्यावा. एलटीओ ड्राइव्ह लिहिल्या लिहिल्या लगेच वाचून पाहतो आणि चुकलेला भाग पुढच्या जागेवर पुन्हा लिहितो. वाचण्या-लिहिण्याच्या हेडवर धूळ असली की हे पुनर्लेखन वाढतं आणि टेप लवकर संपते. अशा वेळी नवी टेप आणण्याआधी क्लीनिंग टेप एकदा फिरवावी. आणि माल हळू पुरवला गेला, तर जुनी थांब-पळ परत येते. टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. ड्राइव्हला कान लावला तर ही घरघर आणि मधली शांतता ऐकू येते. बुटावर मागेपुढे फिरणाऱ्या फडक्यावरून त्याला शू-शायनिंग नाव पडलं. त्यात वेळ जातो आणि टेप झिजते.

त्या सकाळनंतर आमच्या वहीत प्रत्येक टेपपुढे तीन गोष्टी लिहिल्या जातात: किती माल आला, टेपवर किती जागा लागली, हेड कधी पुसलं. पहिल्या दोहोंचा भागाकार हा आमचा खरा दुसरा आकडा. तो जवळपास एक येतो, म्हणून रात्री ड्राइव्हजवळ दोन टेपा ठेवतो, आणि सकाळी दुसऱ्या टेपवरची एखादी फाइल परत उतरवून, उघडून पाहतो.