कॅमेरा कोणता घ्यावा? एका शंभर वर्षं जुन्या प्रश्नाचा इतिहास

आज तरुण मंडळी बरीच दिसतात. विषयात ‘कॅमेरा’ हा शब्द आहे, त्याचा हा परिणाम असावा. ‘प्रमाणविचार’ म्हटलं असतं तर पहिल्या दोन रांगाही भरल्या नसत्या! असो. स्वतःचा चित्रपट स्वतःच्या हिमतीवर करू पाहणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की कॅमेरा कोणता घेऊ? मी तंत्रज्ञ नाही. पण हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा कधी विचारला गेला आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे पाहिलं तर आजच्या निवडीतही थोडा उजेड पडतो, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. विमा पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले. या गृहस्थांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सुचवलं, आणि नंतर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थचा स्टुडिओ वॉल्टन-ऑन-थेम्सला होता. तिथे फाळक्यांनी सगळे विभाग हिंडून पाहिले. मुक्काम सारा दोन आठवड्यांचा. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला आणि १ एप्रिलला परत.

आपण इथे थांबतो आणि ‘फाळक्यांनी कॅमेरा आणला’ असं म्हणतो. पाठ्यपुस्तकातही तेवढंच असतं. पण त्यांच्या खरेदीची यादी नीट पाहा. कॅमेऱ्याबरोबर कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि तिला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं. ते कशाला? तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय, नुसत्या पट्टीसारखी येई. कडेची भोकं दात्यांत अडकतात, म्हणून फिल्म पुढे सरकते. भोकं एकसारख्या अंतरावर नसतील तर पडद्यावर चित्र नाचतं. मग अंधाऱ्या खोलीत बसून भोकं पाडायची. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. एका फुटात सोळा चौकटी, एका चौकटीला एका बाजूला चार भोकं, म्हणजे फुटाला चौसष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. गुणाकार केला तर एका बाजूची भोकं २,३६,८०० होतात. आणि हा हिशोब फक्त अंतिम लांबीचा. वाया गेलेली फिल्म वेगळी, प्रती वेगळ्या. शिवाय फिल्म धुणं आलं. युनिटमधल्या माणसांचा स्वयंपाकही त्याच माउलीकडे होता.

तेव्हा माझं म्हणणं असं, की फाळक्यांनी नुसता कॅमेरा विकत घेतला नाही. कच्च्या फिल्मपासून पडद्यापर्यंतची सगळी साखळी त्यांनी दादरच्या घरात आणून बसवली. साखळीतली एकही कडी दुसऱ्याच्या हातात राहिली असती, तर कॅमेरा असूनही चित्रपट झाला नसता.

न्यायशास्त्रात ‘करण’ नावाची एक संकल्पना आहे. घाबरू नका, दोनच वाक्यं. कुऱ्हाड हे लाकूड तोडण्याचं करण, पण केव्हा? ती लाकडावर पडेल तेव्हा. कुऱ्हाड आणि लाकूड यांच्या त्या संयोगाला नैयायिक ‘व्यापार’ म्हणतात, आणि व्यापार नसेल तर करण हे नाव शोभत नाही. बॅगेत बंद असलेल्या लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्याबद्दल नैयायिकांचं काय मत झालं असतं, ते तुम्हीच ओळखा.

फाळक्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी पैसा नव्हता. लोकांना विश्वास कसा वाटायचा? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. बी फुटतं, अंकुर येतो, वेल चढतो, हे सगळं पडद्यावर मिनिटभरात! ‘अंकुराची वाढ’ असं त्या लघुपटाचं नाव. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर मिनिटाला ९६० होतात, म्हणजे साठ फूट फिल्म. तेवढ्या साठ फुटांवर धनको तयार झाले. त्यातली निवड बघा. नाटकातला एखादा प्रवेश त्यांना सहज चित्रित करता आला असता. पण तो प्रवेश लोक रंगभूमीवर रोज पाहत होते. डोळ्याला एरवी कधीच न दिसणारी आणि याच यंत्राला दाखवता येणारी गोष्ट त्यांनी दाखवली. आज याला टाइम-लॅप्स म्हणतात आणि मोबाइलमध्ये त्याचं बटण असतं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. कॅमेरा चालवला होता त्र्यंबक तेलंग यांनी, हाताने दांडा फिरवत. फिरवण्याचा वेग हातात मुरवावा लागे. फिल्मही अशी, की तिला लाल रंग दिसत नसे. कपाळावरचं कुंकू काळं उमटायचं, निळं आकाश पांढरं फटक. दिवे नव्हते, म्हणून उन्हातच काम.

आता कोल्हापूरला जाऊ. बाबुराव मिस्त्री, म्हणजे आपले बाबुराव पेंटर, नाटकांचे पडदे रंगवणारे. ते आणि त्यांचे आतेबंधू की मामेबंधू या वादात मी पडत नाही, पण भाऊ आनंदराव, या दोघांना चित्रपटाचं वेड लागलं. कॅमेरा आणायचा तर परदेशातून, आणि त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. दोघांनी ठरवलं, आपणच करू. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबुरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन १९१८ मध्ये त्यांनी स्वतःचा कॅमेरा उभा केला. १९२० साली त्याच कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

या गोष्टीकडे आपण नुसत्या अभिमानाने पाहतो. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. ज्याने यंत्र जोडलंय त्याला ते उघडता येतं. दाता झिजला, झडप अडकली, तर लंडनला पत्र टाकून महिनोन्महिने बसायची गरज नाही. त्याच कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसं घडली. त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली, ती पुढे पुण्याला आली आणि १९६० पासून त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. या सगळ्याचं श्रेय एका कॅमेऱ्याला देणं ही अतिशयोक्ती होईल. पण यंत्र उघडून पाहायची सवय त्या कारखान्यात लागली, एवढं मी नक्की म्हणेन.

साखळीत फिल्म आली, यंत्र आलं, उरला प्रकाश. त्यासाठी महाराष्ट्र सोडून बंगालमध्ये जावं लागतं. सत्यजित राय ‘पथेर पांचाली’ करायला निघाले तेव्हा त्यांचे छायालेखक सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. त्यांचं शिक्षण कुठे झालं? ज्याँ रेन्वा ‘द रिव्हर’ चित्रित करायला बंगालमध्ये आले होते, तिथे हा मुलगा बाजूला बसून दिवे कुठे ठेवलेत त्याच्या आकृत्या वहीत काढायचा. पुढे कॅमेरा भाड्याने आणला गेला, पण नजर त्या वहीत आधीच तयार झाली होती.

‘अपराजितो’च्या वेळी, १९५६ मध्ये, खरा पेच पडला. बनारसच्या जुन्या घराचं अंगण पावसाच्या भीतीने कलकत्त्याला स्टुडिओत उभारायचं ठरलं. मित्र यांची हरकत अशी, की अंगणात उजेड वरून, आभाळातून येतो, मऊ असतो, त्याला धारदार सावली नसते. स्टुडिओतले दिवे पडले की प्रत्येक माणसाच्या दोन-तीन सावल्या. हरकत मानली गेली नाही. मग त्यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणून बसवलं आणि खालून दिवे त्या कापडावर सोडले. कापडावरून परतलेला उजेड अंगणात उतरला. आज तुम्ही त्याला ‘बाउन्स’ म्हणता आणि थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीने तेच करता. माझ्याकडे कोणी तीस हजार रुपये घेऊन आला आणि विचारलं की नवी लेन्स घेऊ की दिवे आणि कापड, तर मी दुसरंच सांगेन. लेन्स भाड्याने मिळते.

आतापर्यंत प्रश्न पैशाचा होता. १९७४ साली त्यात भीती आली. बिहारमध्ये जयप्रकाशजींचं आंदोलन पेटलं होतं. ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोर्चा होता आणि पोलिसी बळाचा वापर कॅमेऱ्यात यावा म्हणून आनंद पटवर्धन सुपर ८ कॅमेरे घेऊन गेले. सुपर ८ म्हणजे घरगुती, मुलांचे वाढदिवस टिपायचा कॅमेरा. व्यावसायिक माणूस त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. पण तो खांद्यावरच्या पिशवीत मावतो आणि गर्दीत कोणाच्या नजरेत भरत नाही. अडचण पुढे आली. त्याची प्रत काढून गावोगाव दाखवायची कशी? त्यांनी ते चित्रण पडद्यावर टाकलं आणि पडद्यावरचं चित्र १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपलं. कण मोठे झाले, चित्र खरखरीत झालं. त्यातून ‘क्रांति की तरंगें’ तयार झाला. पुढे आणीबाणी लागली आणि त्याची प्रत तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली.

इथे ‘चांगलं चित्र’ म्हणजे काय, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. ती खरखर दोष आहे का? माझ्या मते तो त्या चित्राचा पुरावा आहे. कुठून, किती अंतरावरून, कोणत्या धोक्यात हे टिपलं गेलं, हे ती खरखरच सांगते. म्हणून आज कोणी स्वच्छ डिजिटल चित्रावर संगणकातून खोटे कण पेरतो, तेव्हा मला जरा हसू येतं.

डिजिटलचा इतिहास भरभर सांगतो, तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. फोटोच्या कॅमेऱ्यात मोठ्या सेन्सरवर व्हिडिओ, आणि स्वतंत्र चित्रपटवाल्यांची दिवाळीच झाली. पार्श्वभूमी धूसर करता येते म्हटल्यावर दोन-तीन वर्षं जो तो सगळंच धूसर करत सुटला. नायक दिसतो, तो कोणत्या गावात आहे ते कळत नाही! एका वेळी बारा मिनिटांच्या आसपासच चित्रण होई; हजार फुटांच्या ३५ मिलिमीटर फिल्मची अकरा मिनिटं आठवतात, नाही? सुरुवातीला वेग फक्त सेकंदाला ३० चौकटींचा होता; २४ आणि २५ चा वेग २०१० मध्ये फर्मवेअरमधून आला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. वेगाचा मेळ बसला नाही की पडद्यावर लुकलुक. २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवा, सुटता. कॅमेरा दुसऱ्या देशातल्या विजेचा विचार करून बनलेला असू शकतो, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आणि साखळीची शेवटची कडी, जिच्याकडे आपण सगळेच काणाडोळा करतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज पाहायला मिळतो. बाबुरावांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ उरलाच नाही. नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट गेले. हार्डडिस्क जळत नाही, ती एके दिवशी नुसती सुरू होत नाही, आणि आवाजही करत नाही. म्हणून तुमच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याखाली दुसरी ओळ प्रतींची असू द्या. तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात, मावशीकडे, आत्याकडे, कुठेही. दर वर्षी एकदा उघडून बघायची.

मागच्या रांगेतला तो मुलगा केव्हाचा हात वर करून बसलाय. विचार बाळा, काय विचारायचंय?