१८५१ : एका वर्षाचे शोध आणि अजिंठ्याची चित्रे

१/ फर्दापूरहून काही किलोमीटरवर, वाघूर नदीच्या घळीत अजिंठ्याची लेणी आहेत. १८५१ मध्ये तेथे मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवत होता. ईस्ट इंडिया कंपनीने हे काम त्याच्याकडे १८४४ मध्ये सोपवले होते. त्याच वर्षी युरोपात लागलेल्या शोधांनी या कामाचे भवितव्य ठरवले.

२/ ते वर्षच विलक्षण होते. पॅरिसमध्ये फूकोने लंबक टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांना डोळ्यांदेखत दाखवले. इंग्लंड व फ्रान्स समुद्राखालील तारेने जोडले गेले. अजिंठ्याशी मात्र तीन वेगळ्या गोष्टींचा संबंध आला.

३/ पहिली गोष्ट : क्रिस्टल पॅलेस. १ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये महाप्रदर्शन भरले. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि सुमारे तीन लाख काचांची इमारत उभारली. साच्यातले एकसारखे भाग जोडून बांधल्यामुळे ती पुढे सुटी करून सिडनहॅमला हलवता आली.

४/ दुसरी : ओल्या काचेचे छायाचित्रण. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने मार्च १८५१ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच चित्र टिपून धुवायचे. एका काचेवरून कितीही प्रती निघत. आर्चरने पेटंट घेतले नाही. १८५७ मध्ये तो दारिद्र्यात वारला.

५/ तिसरी : स्टिरिओस्कोप. डेव्हिड ब्रूस्टरच्या रचनेचे, दोन भिंगांचे हे यंत्र महाप्रदर्शनात मांडले गेले. किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन छायाचित्रे त्यातून पाहिली की दृश्याला खोली येई. राणी व्हिक्टोरियाला ते आवडले आणि त्याची लाटच आली.

६/ आता पुन्हा अजिंठ्याकडे. गिलची तैलचित्रे लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली. इमारत लोखंड-काचेची असली, तरी फरशी लाकडी होती. जवळपास दोन दशकांच्या श्रमांतून मोजकीच चित्रे वाचली.

७/ दरम्यान गिलने कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्याची स्टिरिओ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकमेव तैलचित्र जळाले की संपते. छापलेले छायाचित्र मात्र अनेक ठिकाणी असते. म्हणूनच गिलच्या कॅमेऱ्याने टिपलेली लेणी आजही पाहता येतात.

८/ परंतु या तंत्राला मर्यादा होती. ओली काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील असे, तांबड्याला जवळजवळ नाही. अजिंठ्याचे गेरू, पिवळे, तपकिरी रंग तिच्यावर काळवंडून उमटले असते. शिवाय गुहांत उजेड अपुरा. खांब, चैत्य आणि शिल्पे कॅमेऱ्याला साधली, रंग साधले नाहीत.

९/ म्हणूनच १८७२ मध्ये जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन आले, तेव्हा पुन्हा कुंचलाच हाती घ्यावा लागला. १८८५ पर्यंत चाललेल्या त्या कामातील शंभराहून अधिक चित्रेही लंडनमध्येच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाली.

१०/ १८५१ कडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. त्या वर्षाच्या एका नवलाच्या छताखाली गिलचे हस्तकौशल्य जळाले, तर दुसऱ्या दोन नवलांनी त्याच लेण्यांचे दगडी रूप जगभर पोहोचवले. रंगांची जबाबदारी मात्र अजिंठ्याच्या भिंतींवरच राहिली, आणि म्हणून त्या भिंती जपण्याला पर्याय नाही.

#अजिंठा #फर्दापूर #विज्ञानाचा_इतिहास